मामाजींचं माप

मी बोलतोय. इकडेतिकडे काय बघताय? शिलाई मशीनच्या वर, खिळ्याला लटकलेला पिवळा टेप दिसतोय ना, तोच मी. दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी, आणि चौतीस ते छत्तीसच्या मध्ये घासून घासून पुसट झालेला. तिथं पुसट का, ते ब्लाऊज शिवणाऱ्या कुणालाही विचारा.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका बाजूला इंच छापले, उलटं केलं, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर छापले आणि गुंडाळून डब्यात टाकलं, एवढंच. खरा जन्म झाला तो दिग्रसच्या बाजारात. धागे-बटणं विकणाऱ्याच्या दुकानात कोकिळाबाईंनी मला उलगडलं, लाकडी फुटपट्टीला लावून पाहिलं, दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. “हा लांबते तं नाही ना रे?” असं त्या माणसाला तीनदा विचारलं. मग मला गळ्यात घातलं. त्याला आता बारा वर्षं झाली.

कोकिळाबाईंचं घर दिग्रसपासून अर्ध्या तासावरच्या गावात. नवरा किसनराव, कापूस, तूर, सोयाबीन करणारा सरळ माणूस, पण तोंडाचा फटकळ. मुलगा पियुष, मुलगी खुशी. आणि सासरे सदाशिवराव, ज्यांना कोकिळाबाई मामाजी म्हणतात आणि पोरं आबा. समोरच्या खोलीत मशीन. गावातल्या निम्म्या अंगांना मी ओळखतो, नावानं नव्हे, मापानं.

माणूस टेपापुढे किती खोटं वागतो म्हणून सांगू! बाई पोट आत ओढते, बाप्या छाती पुढे काढतो. कोकिळाबाई हसून म्हणतात, “श्वास सोडा भाऊ, शर्ट शिवाचा हाय, फोटो नाही काढाचा.” मी मात्र जे आहे तेच सांगतो. एवढा एकच गुण आहे माझ्यात, आणि त्याचा मला गर्व आहे, असू द्या.

सदाशिवरावांचं माप घेणं हे वेगळंच काम. कमरेपासून मानेपर्यंत ते वाकलेले. असे वाकलेले की पाठ, मान सगळं एकसंध, कुठं वळायला जागाच नाही. कोकिळाबाई नव्या नवरी असताना त्यांनी सासऱ्यांचे तीन शर्ट बिघडवले होते. मागून वर चढायचा आणि समोरून गुडघ्यावर यायचा. चौथ्यांदा त्यांनी स्वतःच शोधून काढलं: मागची बाजू अडीच इंच जास्त आणि समोरची कमी. हे माप कुठल्या पुस्तकात नाही. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ‘मामाजी’.

गाव म्हणायचं, कापूस वेचून वेचून म्हातारा वाकला. मीही तसंच समजत होतो.

माझ्या सेंटीमीटरच्या बाजूला इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं. शिलाईत सगळा कारभार इंचाचा. पण पियुष वीस वर्षांचा झाला आणि त्यानं पोलीस भरतीची तयारी सुरू केली. एक दिवस आला आणि म्हणाला, “आई, टेप दे व. छाती मोजाची हाय.” खुशीनं मला उलटं केलं आणि भावाच्या छातीभोवती धरलं. भरतीला छाती पाच सेंटीमीटर फुगायला हवी. पियुषनं श्वास भरला, मान ताठ केली, तोंड लाल केलं.

“अडीच,” खुशी म्हणाली.

“नीट धर ना!”

“नीटच धरला. अडीचच हाय रे.”

त्याच्या बरोबरीची पोरं सहा-सहा फुगवत होती. पियुषला वाटलं, सराव कमी पडतो. मग रोज सकाळ-संध्याकाळ दम भरायचा. मी दोन वर्षं त्या छातीभोवती पडलो, आणि त्या दोन वर्षांत अडीचचे पावणेतीनही झाले नाहीत.

आता सकाळचं सांगतो, कारण सगळा घोळ सकाळचाच आहे. पियुषची बाज मशीनच्याच खोलीत. सहाला किसनरावांची हाक यायची. पोरगा डोळे उघडायचा, पण उठायचा नाही. आधी कुशीवर व्हायचा, भिंत धरायचा, पाय खाली सोडायचा आणि तसाच बसून राहायचा. चपला घालायलाही वाकता यायचं नाही त्याला. तासभर हे चालायचं. आणि तासाभरानं? गडी मैदानावर! आणि धावायचा तर असा की बघत राहावं.

हे पाहून किसनरावांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. “वावरात चाल म्हणलं का याची कंबर आखडते, आन् मैदानात पाहा कसा सुटते! कामचुकार हाय साला. बाकी काई नाही.”

“बाबा, खरंच दुखते.”

“पयतांनी काहून नाही दुखत मंग?”

 पियुषला स्वतःलाच ते कळत नव्हतं. त्याला हळूहळू असं वाटायला लागलं असावं की बाप म्हणतो तेच खरं, आपणच आळशी आहोत. मला त्याची फार दया यायची. मोजता येत होतं तेवढं मी मोजलं, पण दुखणं मोजायच्या रेघा माझ्यावर नाहीत.

उपाय काय कमी झाले? बाम झाला, एरंडाचं तेल झालं, नस चढली म्हणून एकानं पाय ओढून दिला, औषधाच्या दुकानातल्या गोळ्या झाल्या. मधेच एकदा त्याचा एक डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डोळे आले म्हणून थेंब घातले. डोळ्याचा आणि कमरेचा काही संबंध असेल हे कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

मग कळंबला चुलतबहीण नयनचं लग्न निघालं. कोकिळाबाईंनी पियुषसाठी आकाशी रंगाचं कापड घेतलं. खांदा, छाती, बाही, लांबी, सगळं माझ्याकडूनच घेतलं. शर्ट झाला. पोरानं घातला. मागून वर चढला, समोरून खाली आला.

कोकिळाबाईंनी उसवला. पुन्हा माप घेतलं, पुन्हा शिवला. पुन्हा तेच. त्यांनी मला गळ्यातून काढलं, डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाल्या, “टेपच लांबला मेला.”

मी! मी लांबलो! अकरा वर्षांत एका रेघेची चूक नाही, आणि हा आळ! पण टेपाचं कोण ऐकतं? तुटके खडू, रिकाम्या बॉबिन आणि गंजलेल्या सुया असलेल्या पत्र्याच्या डब्यात मला टाकलं आणि झाकण लावलं. बाजारातून नवा टेप आला. चांगले वीस दिवस मी डब्यात कुढत बसलो होतो.

एका दुपारी झाकण उघडलं. कोकिळाबाईंनी मला बाहेर काढलं, नव्या टेपाच्या शेजारी टेबलावर सरळ पसरलं आणि टोकाला टोक लावलं. एक इंच, दहा इंच, तीस, साठ. रेघेला रेघ जुळली. नव्या टेपानंही पियुषचं तेच माप सांगितलं होतं.

त्यांनी दोन्ही टेप बाजूला सारले. मग उठून कपाटाचं दार उघडलं. पेन्सिलीनं लिहिलेले ते आकडे वाचले. पियुषचा शर्ट मागून जितका चढला आणि समोरून जितका उतरला होता, ते आकडे शेजारी लिहिले. मामाजींएवढा मोठा फरक नव्हता, पण चाल तीच होती: मागून जास्त, समोरून कमी.

“अवो,” त्यांनी बाहेर हाक मारली.  “आतमंदी या. पोराचं माप पाहा. हे तं मामाजींचं माप व्हय.”

किसनराव आले, त्यांनी आकडे बघितले, झटकून टाकले. “बाबा कापूस वेचून वाकले. याचं वय काय? बावीस.”

“यानं किती कापूस वेचला?”

“तेच तं म्हणतो मी! हा वेचतच नाही!”

“मंग हा काहून वाकून राह्यला?”

किसनरावांनी कपाटाच्या दाराशी जाऊन ते आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाले, “उद्या दिग्रसले नेतो याले.”

दिग्रसच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, यवतमाळला नागपूरहून महिन्यातून एकदा संधिवाताच्या डॉक्टर येतात, अनघा मॅडम, त्यांना दाखवा. “संधिवात तं म्हाताऱ्याले होते ना?” कोकिळाबाईंनी विचारलं. पण ठरलेल्या दिवशी तिघं एसटीत बसले. घाईघाईत निघाल्या बाई, आणि मी गळ्यातच राहिलो! सवयच ती. कंडक्टर म्हणाला, “ताई, तिकीट घेता का माप घेता?” आख्खी गाडी हसली. कोकिळाबाईंनी मला मुठीत गुंडाळलं, आणि पुढे कधी तरी पुन्हा गळ्यात टाकलं. त्यांचं लक्षच नव्हतं कशात.

डॉक्टर अनघा लहान चणीच्या, आवाज मऊ. किसनरावांनी बसायच्या आधीच सुरू केलं, “मॅडम, सकायी याले उठनं होत नाही. तासभर बसून राह्यते. आन् पयाले लागला का कंबर गायब! आराम केला का दुखते आन् मेहनत केली का बरं वाटते, असं कुठं दुखनं असते का? तुमीच सांगा याले.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “पुन्हा सांगा.”

किसनरावांनी पुन्हा सांगितलं, जरा जोरात.

“किसनराव, याला काय झालंय हे बरंचसं तुम्हीच सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “आरामानं वाढतं आणि हालचालीनं कमी होतं, असं एक दुखणं असतं. पहाटे झोपमोड होते का रे पियुष? टाच दुखते? कधी एकच डोळा लाल झाला होता?”

पियुष तिन्ही वेळा हो म्हणाला. तिसऱ्या ‘हो’ला तो खुर्चीतून पुढे सरकला. दोन वर्षांत त्याला कोणी असं काही विचारलं नव्हतं, आणि या बाई तर त्याच्या घरात राहून आल्यासारख्या विचारत होत्या.

त्यांनी टेबलावर काहीतरी शोधलं, मग नजर कोकिळाबाईंच्या गळ्याकडे गेली. “तुमचा टेप देता का?”

आणि मग जे झालं ते ऐका. पियुष पाठमोरा उभा. डॉक्टरांनी त्याच्या कमरेवर पेननं एक ठिपका काढला, त्याच्या दहा सेंटीमीटर वर एक आणि पाच सेंटीमीटर खाली एक. मला तिथं लावलं. पंधरा. “आता गुडघे न वाकवता खाली वाक.” तो वाकला. म्हणजे, वाकायचा प्रयत्न केला. पंधराचे सोळा झाले.

“आता किसनराव, तुम्ही या.”

“मी? मले काय झालं?”

“या तर.”

बावन्न वर्षांचा तो माणूस, सदरा वर करून, लाजत उभा राहिला. तेच ठिपके, तेच पंधरा. तो वाकला, आणि माझ्याखाली त्याची पाठ सरकायला लागली! सोळा, अठरा, वीस, एकवीस! मी थक्क झालो. अकरा वर्षं मी पाठीवरून फिरलो, हजार वेळा फिरलो, पण नेहमी ‘सरळ उभे राहा’ म्हणूनच. वाकलेल्या माणसाचं माप कोणी घेतलंच नव्हतं. माणसाची पाठ अशी उघडते आणि परत मिटते, हे मला माहीतच नव्हतं. चोवीस सुटे मणके, डॉक्टर सांगत होत्या, प्रत्येक जण जरा जरा बाजूला होतो आणि दुसऱ्याला जागा देतो. केवढी ही करामत आणि किती गुपचूप! शर्टाच्या आत रोज चाललेली, आणि ज्याची पाठ त्यालाही पत्ता नाही.

किसनराव सरळ झाले. त्यांनी दोन्ही आकडे कानांनी ऐकले होते. पोराकडे बघितलं आणि मग खाली बघत सदरा नीट करत राहिले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. प्रत्येकाच्या अंगात राखण करणारी एक ताकद असते. बाहेरून रोग आला की ती लढते. काहींच्या अंगात ती चुकते आणि आपल्याच माणसांवर धावून जाते. या आजारात ती कमरेमागच्या सांध्यांवर, मणक्यांवर जाते, कधी टाचेवर, कधी डोळ्यावर. तिथं आतून दाह होतो, सूज येते. पडून राहिलं की आखडतं, हललं की मोकळं होतं. बरगड्यांचे सांधेही आखडतात, म्हणून छाती फुगत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं तर सुजल्या जागी नवं हाड धरतं, आणि मणका मणक्याला जोडला जातो. आजाराला लांबलचक नाव आहे, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. बहुतेकांना तरुणपणीच सुरू होतो. रक्ताची तपासणी आणि एमआरआय करून खात्री करू.

“घरात कोणी असं वाकलेलं आहे?”

“माहे बाबा,” किसनराव म्हणाले. नेहमीचं कापसाचं वाक्य त्यांनी या वेळी म्हटलं नाही.

कोकिळाबाईंनी एकच विचारलं. “माहा पोरगा वाकन का मॅडम?”

“हा आजार मुळापासून जात नाही, ताई. पण ताब्यात ठेवता येतो. औषधं आणि रोजचा व्यायाम सोडला नाही, तर बहुतेक नाही वाकणार. वेळेत आणलंत तुम्ही. कसं लक्षात आलं?”

“शर्ट बसे नाही,” कोकिळाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

घरी परतले तेव्हा उन्हं कलली होती. सदाशिवराव ओट्यावर बसले होते. खुशीनं सगळं विचारून घेतलं आणि आजोबांना सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, “माही छाती मोजा.”

मला पहिल्यांदाच किसनरावांनी हातात घेतलं. धरता येत नव्हतं त्यांना, उलटा-सुलटा करत होते. बापाच्या छातीभोवती लावलं. “श्वास घ्या बाबा.”

सदाशिवरावांनी श्वास घेतला. मी वाट बघितली. मला वाटलं, अजून घेतला नसेल. पण त्यांनी घेतला होता, सोडलाही होता. मी अर्धा सेंटीमीटर हललो होतो. अर्धा! एवढीशी छाती हलवून या माणसानं पन्नास वर्षं नांगर धरला, पोती उचलली, तीन पोरींची लग्नं लावली, आणि कधी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं काय हेच त्याला माहीत नव्हतं. श्वास म्हणजे एवढाच असतो, असं समजला होता तो. मी छाती फुगवणारे किती पाहिले! पण त्या संध्याकाळी त्या अर्ध्या सेंटीमीटरसमोर मला माझी सगळी लांबी वाहून टाकावी वाटली.

“मलेबी सकायी उठनं होये नाही,” सदाशिवराव म्हणाले. “पियुषएवढा असतानी. माहा बाप तुराटी घेऊन ये माराले. म्हने, कोढी हाय. मीबी म्हनलं, असन.”

कोढी म्हणजे आळशी. हा शब्द या घरात मी रोज ऐकत होतो.

किसनरावांनी मला बापाच्या छातीवरून काढलं. मग पियुषकडे वळले. “मी तुले कामचुकार म्हनलो बाप्पा. दोन वर्षं म्हनलो. माही चुकी झाली. माफ कर मले.”

“असू द्या बाबा.”

“असू कायचं द्या!” ते ओरडलेच. मग डोळे पुसत घरात निघून गेले.

त्याला आता सव्वा वर्ष झालं. सदाशिवरावांनाही डॉक्टरांकडे नेलं. जोडलेले मणके आता सुटणार नाहीत, पण गोळ्यांनी दुखणं निवलं आहे, आणि पडायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. पियुषच्या गोळ्या झाल्या, मग इंजेक्शन सुरू झालं. व्यायाम रोजचा. सकाळी सहाला किसनराव अजूनही येतात, पण हाक मारत नाहीत. बाजेवर बसतात आणि विचारतात, “किती येळ आखडली आज?” आधी तास होता, मग चाळीस मिनिटं, आता दहा-पंधरा. मग बाप-लेक दोघं सतरंजीवर आडवे होतात आणि डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम करतात. किसनरावांना गरज नाही, पण सोबत म्हणून. त्यांचं पोट मध्ये येतं, खुशी हसते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी माझी पाळी. पाठ: पंधराचे साडेसतरा. छाती: चार. पाच झाली नाही, आणि मी पाच सांगणार नाही. भरतीचा नाद पियुषनं सोडला. पंधरा दिवस तोंड पाडून बसला होता, ते मी पाहिलं आहे. आता गावातल्या भरतीच्या पोरांकडून तोच धावण्याचा सराव करून घेतो, आणि शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला प्रवेश घ्यायचं चाललंय. एखादं पोरगं सकाळी कंबर धरून आलं, तर त्याला तीन प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही.

तुम्हालाही हात जोडून सांगतो, मला हात नसले तरी. घरात कोणी तरणंताठं सकाळी आखडून बसत असेल, तीन-तीन महिने कंबर दुखत असेल आणि चालल्या-फिरल्यावर बरी होत असेल, तर त्याला शिव्या देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. मी पुसट होत चाललोय, माझ्या जागी कधी तरी नवा टेप येईल, पण त्यालाही मी हेच सांगून ठेवणार आहे.

गेल्या रविवारची गोष्ट सांगतो आणि थांबतो. मोजमाप झालं होतं. सदाशिवराव म्हणाले, “मले बाजेवर टेकवा.” किसनरावांनी आणि कोकिळाबाईंनी त्यांच्या पाठीमागे दोन गाद्या, तीन गोधड्या रचल्या, मानेखाली उशी दिली, म्हातारा मागे रेलला आणि एरवी जमिनीकडेच असणारं त्याचं तोंड वर झालं.

“आता उभा राय रे पियुष. समोर. सरका व तुमी बाकीचे.”

पियुष उभा राहिला. सदाशिवरावांनी त्याला पायांपासून बघायला सुरुवात केली. गुडघे, कंबर, छाती, खांदे. घाई नव्हती त्यांना. मग चेहरा. तिथं बराच वेळ थांबले.

“तू एवढा उंच कधी झाला बे?”

“लय दिवस झाले, आबा. पाच फूट साडेनऊ.”

बरोबर आहे ते, मीच मोजलंय. मी स्वतः पाच फुटांचा. या पोराला मोजायचं तर मला दोनदा लावावं लागतं, आणि दरवेळी मी आनंदानं लागतो.